नकली पापण्या, पण चेहरा आपलाच : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा या पट्ट्यात मी चौदा वर्षांपासून नवरी मुलींचा मेकअप करते. लग्न ठरलं की पोरींचा फोन येतो आणि दुसऱ्याच वाक्यात पापण्यांचा विषय निघतो. "ताई, लॅशेस लावायच्या आहेत, पण लावल्यासारख्या दिसू नयेत." हे सगळं त्या एका वाक्यासाठी लिहिलं आहे. प्रश्न पोरींनी, त्यांच्या आयांनी, कधी नवरदेवाच्या बहिणींनी विचारले तसेच ठेवले आहेत. खाली लॅशेस म्हणजे नकली पापण्या, आणि पापणीचे केस म्हणजे आपले स्वतःचे.

"लावल्यासारख्या दिसू नयेत" हे खरंच जमते का?

जमते. पण आधी हे पाहावं लागते की लॅशेस ओळखू कशानं येतात. मुळाशी जाड काळी पट्टी असली की ती फोटोच्या लाइटात चमकते. सगळे केस एका मापाचे, कंगव्याच्या दातांसारखे असले तरी लगेच कळते. आणि बाहेरचं टोक डोळ्याच्या पुढे गेलेलं असलं की डोळा खाली ओघळल्यासारखा, थकलेला दिसतो. नवीन शिकलेल्या मुलींकडून ही शेवटची चूक सगळ्यात जास्त होते.

आपल्या वरच्या पापणीवर साधारण ९० ते १५० केस असतात. ते एका रेषेत उगवत नाहीत, दोन-तीन ओळींत दाटीवाटीने असतात. कोणी लांब, कोणी आखूड, काही एकमेकांवरून आडवे गेलेले. नाकाकडे बारके, बाहेरच्या बाजूला जरा लांब. खऱ्या पापणीची खूण म्हणजे हाच विस्कळीतपणा. म्हणून घेताना पारदर्शक पातळ पट्टीची, टोकाला निमुळत्या केसांची, मधे-मधे फट असलेली जोडी घ्या. डबीत ठेवलेली असताना ती थोडी गरीब दिसते. डोळ्यावर तीच शोभते.

आमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाकडची, नाटकं सुरू होतात, होळीपर्यंत गावोगाव रात्रभर चालतात. वडसा तर नाटक कंपन्यांचंच गाव. मंचावरच्या बाईचे डोळे मांडवात अगदी मागे बसलेल्या म्हाताऱ्यालाही दिसले पाहिजेत, म्हणून तिथे जाड, दाट, लांब लॅशेसच लागतात. मी स्वतः दोन हंगाम नाटकातल्या बायांचा मेकअप केला आहे. तिथे ते योग्यच आहे. पण पोरी ते डोळे पाहून मोठ्या झाल्या आणि लग्नातही तेच मागतात. नवरीला सोयरे दोन हातांवरून पाहतात. इतक्या जवळून मंचावरची लॅश जड दिसते, आणि नवरीचं अर्धं लक्ष त्या वजनाकडेच राहते.

किती लांबीच्या घ्यायच्या?

शाळेची मोजपट्टी डोळ्याखाली धरा आणि उघड्या डोळ्याची रुंदी मोजा. साधारण तीन सेंटिमीटर येते. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे १० मिलिमीटर. लॅशची सगळ्यात लांब जागा एवढीच असावी.

हा हिशोब माझा नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २२ जातींच्या सस्तन प्राण्यांचे डोळे आणि पापण्या मोजल्या. पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास निघाली. मग त्यांनी नकली डोळा तयार करून त्यावर वारा सोडला. या मापाचे केस वारा अडवतात, डोळ्यावरची ओल टिकवतात आणि धूळ कमी पोहोचू देतात. केस त्यापेक्षा लांब झाले की उलट तेच वाऱ्याला डोळ्याकडे वळवतात आणि डोळा सुकतो. हे वाचलं तेव्हा मला मे महिन्यातल्या त्या नवऱ्या आठवल्या, ज्या १५-१६ मिलिमीटरच्या लॅशेस लावून दिवसभर "डोळे कोरडे पडले" म्हणत होत्या. आमच्याकडच्या उन्हाच्या झळांत हे माप फक्त दिसण्यापुरतं राहत नाही.

ज्यांचे स्वतःचे केस फार आखूड आहेत त्यांनी ८ मिलिमीटरवर थांबावं. स्वतःच्या केसांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त, तेवढंच.

पट्टीच्या, अर्ध्या, गुच्छाच्या... यातलं काय घ्यावं?

पहिल्यांदा लावत असाल तर अर्ध्या घ्या. त्या फक्त डोळ्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागावर बसतात, लावायला सोप्या, टोचत नाहीत, आणि नैसर्गिक दिसण्यात पूर्ण पट्टीपेक्षा पुढे. दुकानात अर्ध्या मिळाल्या नाहीत तर पूर्ण पट्टी मधून कापली की झालं.

गुच्छ म्हणजे तीन-चार केसांचे सुटे झुबके. माझं मत विचाराल तर सगळ्यात खरे हेच दिसतात, कारण जिथे केस विरळ तिथेच लावता येतात. पण वेळ लागते आणि हात स्थिर लागतो. स्वतःचे स्वतःला लावणं कठीण.

आपल्याकडे मिळतात त्या बहुतेक लॅशेस प्लास्टिकच्या बारीक धाग्यांच्या असतात. डबीवर "सिल्क" लिहिलं असलं तरी रेशीम समजू नका, धागा कृत्रिमच असतो. "मिंक" लिहिलेल्या खऱ्या असल्या तर त्या मिंक नावाच्या प्राण्याच्या केसांच्या असतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं.

मले तं पाहूनच भेव लागते. गोंद डोळ्यात गेला तं?

भीती वाटणं बरोबरच आहे, डोळ्याचं काम आहे. गोंद पट्टीला लावायचा असतो, डोळ्याला नाही, आणि लॅश पापणीच्या केसांच्या मुळाशी कातडीवर बसते, डोळ्याच्या आत नाही. योग्य गोंद थोडासा आत गेला तर चुरचुरते, पाणी येते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका. लाली किंवा दुखणं राहिलं, नजर अंधुक झाली तर डॉक्टरांकडे जा.

खरी भीती दुसऱ्या गोंदाची बाळगा. तुटलेली बादली, चप्पल चिकटवायचा झटपट गोंद डोळ्याजवळ आणायचाच नाही, कितीही घाई असो. तो कातडी कातडीला चिकटवतो. पापण्या चिकटल्या तर ओढायच्या नाहीत, सरळ दवाखाना.

कोणता गोंद घ्यावा? अंगावर उठेल का?

डोळ्याच्या लॅशेससाठीच बनवलेला, आणि नवा. ट्यूब उघडल्यावर सहा महिन्यांपेक्षा जास्त मी ठेवत नाही. वास बदलला किंवा गाठी आल्या की फेकते. पांढरा गोंद वाळला की पारदर्शक होतो. काळा काळाच राहतो, तो आयलायनर लावणार असाल तरच घ्या. नैसर्गिक लूकला पांढराच.

बरेचसे गोंद रबराच्या चिकापासून, म्हणजे लॅटेक्सपासून बनतात. फुगे फुगवताना ओठ सुजतात किंवा रबरी हातमोज्यांनी खाज येते, अशा बाईने लॅटेक्स नसलेलाच घ्यावा, तसं ट्यूबवर लिहिलेलं असते.

टिकलीचंही विचारून घेते मी. आपल्याकडे कितीतरी बायांच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा डाग दिसतो. काही टिकल्यांच्या गोंदात असलेल्या रसायनानं कातडीचा रंगच जातो. ज्यांना टिकलीने खाज आली आहे किंवा डाग पडला आहे, त्यांची कातडी गोंदाला कच्ची आहे असं मी धरून चालते. आणि टिकलीचा गोंद लॅशला वापरायचा नाही, कोणीही.

तपासणी सोपी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे गोंदाचा ठिपका लावा आणि २४ ते ४८ तास पाहा. लाल झालं, खाजलं, फोड आला तर तो गोंद तुमच्यासाठी नाही. लग्नाच्या सकाळी ही तपासणी होत नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या नवरीला मी आठ दिवस आधी एक चक्कर मारायला लावते, मग ती बारा किलोमीटरवरून एसटीने येणार असली तरी.

पहिल्यांदा स्वतःच लावते आहे. सुरुवातीपासून सांगा.

लग्नाच्या आधी घरी तीन-चारदा सराव करा. पहिल्या वेळी अर्धा तास लागतो, चौथ्या वेळी दहा मिनिटं.

हात साबणाने धुवा. पापणीवर आदल्या रात्रीचं क्रीम, खोबरेल तेल, घाम काही राहू देऊ नका. ओल्या कापसाने पुसा, कोरडी करा. लॅश डबीतून काढताना केसांना धरून ओढू नका, पट्टीला बोटाच्या टोकाने हळूच सोडवा. कारखान्यातला वाळलेला गोंद पट्टीला राहिला असेल तर तो खुडून टाका.

आता मोजायचं. पट्टी कोरडीच डोळ्यावर धरा. ती नाकाकडच्या कोपऱ्यातून सुरू करू नका. जिथे तुमचे स्वतःचे केस उगवायला लागतात तिथून, म्हणजे कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. बाहेरच्या टोकालाही शेवटच्या केसाच्या जरा अलीकडे थांबा. जे जास्त आहे ते बाहेरच्या टोकाकडून कापा. नाकाकडून कापलं तर बारके केस जातात, कोपऱ्यात लांब केस येऊन टोचतात आणि डोळ्यातून सारखं पाणी गळते.

मग पट्टी पेनाभोवती गुंडाळून दोन-तीन मिनिटं धरा. नवी पट्टी सरळ असते आणि डोळा गोल. पट्टीला वाक आला नाही तर दोन्ही टोकं तासाभरात उचकतात. घाईत सगळे हीच पायरी गाळतात.

स्वतःचे पापणीचे केस कर्लरने, म्हणजे पापण्या वळवायच्या चिमट्याने, उचलून घ्या, एक पातळ मस्करा. आपले केस खाली झुकलेले आणि लॅश वर उभी असली की दोन मजले दिसतात, आणि तिथेच गुपित फुटते.

गोंद टूथपिकने लावा. पट्टीच्या काठावर बारीक रेघ, दोन्ही टोकांना एक ठिपका जास्त. आता थांबा. सगळ्यात अवघड काम हेच, हात घाई करतो. ३० ते ४० सेकंद गोंदाला चिकटपणा येऊ द्या. ओला लावला तर पट्टी घसरते आणि पापणीभर गोंद पसरतो.

आरसा भिंतीवरचा नको. हातातला आरसा हनुवटीच्या खाली, छातीशी धरा आणि खाली पाहा. डोळा पूर्ण मिटायचा नाही, नुसती नजर खाली. असं केलं की पापणी ताणली जाते आणि केसांची मुळं दिसतात. चिमट्याने पट्टीचा मध्य पकडून पापणीच्या मध्यावर, मुळांना लागून टेकवा. मग बाहेरचं टोक, शेवटी आतलं. मुळांपासून वर, कातडीवर जागा सोडून लावली तर मधे पांढरी फट दिसते. ती आयलायनरने भरता येते, पण मग नैसर्गिकपणा गेला.

शेवटी आपले केस आणि लॅश बोटांच्या चिमटीत हलके दाबा, म्हणजे दोन्ही एकत्र मिसळतील. मिनिटभर डोळे फार मिचकावू नका.

मस्करा आधी की नंतर?

आधी, पातळ. लॅश लावल्यावर वरून मस्करा लावला तर केस गुठळ्या धरतात आणि लॅश दुसऱ्यांदा वापरता येत नाही.

आमचं लग्न मे महिन्यात आहे, दुपारचा मुहूर्त. घामाने निघून जाईल ना?

ब्रह्मपुरी-चंद्रपूरचं ऊन म्हणजे ४५-४६ अंश, आणि मांडवात माणसांची गर्दी. घाम येणारच. तरी लॅश टिकते, पण उन्हाळ्यात मी काही गोष्टी वेगळ्या करते.

पट्टी अखंड लावत नाही, तिचे तीन तुकडे करते. आधी बाहेरचा, मग मधला, मग गरज असेल तरच आतला. अखंड पट्टी एका टोकाला सुटली की डोळा मिटताना ओढ बसते आणि तासाभरात सगळी सुटते. तुकडा सुटला तर तेवढाच सुटतो आणि दोन मिनिटांत परत बसतो. शिवाय तुकड्यांच्या मधे जी बारीक फट राहते तिने लॅशेस जास्त खऱ्या दिसतात. माझ्या चौदा वर्षांच्या कामातली सगळ्यात उपयोगी युक्ती हीच.

पापणीवर क्रीम, सनस्क्रीन लावू नका, पावडरचा पातळ हात फिरवा. घरचं काजळ तुपा-एरंडेलाचं असते. ते वर लावलं की तेल मुळांकडून गोंदापर्यंत चढते. लावायचंच तर खालच्या पापणीत, बारीक, सगळं झाल्यावर. हळदीच्या दिवशी लॅशेस लावूच नका. हळदीत तेल असते आणि ते भुवयांतून दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत राहते. हळदीच्या रात्री चेहरा दोनदा धुवून झोपायचं.

कूलरसमोर बसून लावू नका. कूलरची हवा ओली असते, गोंद लवकर वाळत नाही. पंख्याखाली उलट होते, कडक उन्हाच्या कोरड्या हवेत गोंद पंधरा-वीस सेकंदांतच तयार होतो, ४० सेकंद थांबलात तर चिकटणारच नाही. बोटावर थेंब घेऊन स्पर्श करून पाहा, घड्याळावर विसंबू नका. गोंदाची ट्यूब आणि लॅशेस गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हात गोंद फाटतो. माझी पेटी मी पाण्याच्या बाटलीसोबत सावलीतच ठेवते.

आणि लाइट जाते, हे धरूनच चाला. खिडकीजवळ, उजेड समोरून येईल असं बसून सराव केलेला असला की लाइट गेल्यावर हात अडत नाही.

बिदाईत रडू येते, तेव्हा काय?

रडा. त्या वेळेला कोणी रडू आवरायला सांगू नये. मी नवरीला आधीच पाण्यात टिकणारा गोंद लावते आणि नाकाकडचा कोपरा मोकळा ठेवते, कारण डोळ्याचं पाणी त्याच कोपऱ्यात जमते. पुसायचं नाही, रुमालाचं टोक खालून टेकवायचं. नवरीसोबत गाडीत जी करवली बसते तिच्या पर्समध्ये मी गोंद, टूथपिक आणि चिमटा देऊन ठेवते. एक टोक उचकलं तर टूथपिकवर थेंब घ्यायचा, टोकाखाली सरकवायचा, दहा सेकंद दाबून धरायचं.

मुंडावळ्या लॅशेसमध्ये अडकतात का?

अडकतात, हे मी आधी कोणाकडून ऐकलं नव्हतं, अनुभवातून कळलं. मुंडावळ्यांची सर कपाळावरून गालाजवळ झुलते आणि बरोबर बाहेरच्या टोकाला घासते. म्हणून आधी मुंडावळ्या बांधून पाहा, सर कुठे येते ते बघा, मग लॅशचं बाहेरचं टोक तेवढं आखूड ठेवा. अक्षता पडताना डोळे मिटलेले बरे. तांदळावरचं कुंकू डोळ्यात गेलं की हात चोळायला जातोच, आणि चोळलं की लॅश गेली.

स्कूटीवर, तोंडाला ओढणी बांधून जायचं आहे.

ओढणी डोळ्यांच्या खालून बांधा आणि वर गॉगल लावा. कपाळावरून घट्ट घेतलेली ओढणी लॅश दाबून वाकडी करते.

चुंबकाच्या लॅशेस मिळतात म्हणे, गोंद लागत नाही.

मिळतात. त्यात लोहाचे कण असलेलं आयलायनर आधी लावतात, त्यावर बारीक चुंबक लावलेली पट्टी बसते. गोंदाची भीती जाते, पण आयलायनरची जाड रेघ आलीच, म्हणून "लावल्यासारखं दिसू नये" असं म्हणणाऱ्यांना मी त्या देत नाही. एमआरआय करायचा असेल तर लॅशेस आणि ते लायनर दोन्ही आधी पूर्ण काढून टाका.

नागपूरला एक्स्टेन्शन करून आणू का? महिनाभर टिकते.

एक्स्टेन्शन हे वेगळं काम आहे. त्यात तुमच्या एकेका केसावर एकेक नकली केस चिकटवतात. ते दोन ते चार आठवडे टिकतात, कारण तुमचा केस गळला की त्याच्यासोबत तोही जातो. तिथला गोंद सायनोअॅक्रिलेट जातीचा असतो, म्हणजे झटपट गोंदाच्याच कुळातला. त्याच्या वाफा डोळ्याला लागतात, काही गोंदांमधून फॉर्मल्डिहाइड हा झोंबणारा वायूही सुटतो. शिकलेल्या हाताने, स्वच्छ जागी, आधी तपासणी करून केलं तर छान दिसते. मी ते करत नाही, कारण माझ्याकडे त्याचं शिक्षण नाही.

तीन वर्षांपूर्वी एक पोरगी लग्नाच्या दोन दिवस आधी एक्स्टेन्शन करून आली. तपासणी कोणी केली नव्हती. दोन्ही पापण्या सुजल्या होत्या, डोळा अर्धा उघडत होता. मी हात लावला नाही, तिच्या भावाला तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला लावलं. लग्नात तिच्या डोळ्यांना काहीच लावलं नाही, काजळसुद्धा नाही. भुवया, ओठ आणि केसांतला गजरा, एवढाच मेकअप. तिच्या आईचा चेहरा मला अजून दिसतो. एक्स्टेन्शन करायचंच असेल तर लग्नाच्या तोंडावर पहिल्यांदा करू नका, महिनाभर आधी एकदा करून पाहा.

काढायच्या कशा?

लावण्यापेक्षा जास्त काळजी इथे लागते. मी शिकत होते तेव्हा एका बाईची लॅश घाईत ओढली. पट्टीसोबत तिचे स्वतःचे चार-पाच केस आले. तिने काही म्हटलं नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. उपटलेला केस परत यायला सहा-आठ आठवडे लागतात, आणि वारंवार उपटला तर मूळच थकते.

कापसावर मेकअप काढायचं तेलाचं द्रव घ्या, नसेल तर दोन थेंब स्वच्छ खोबरेल. डोळा मिटून कापूस पापणीच्या मुळाशी अर्धा मिनिट टेकवून धरा. घासू नका. तेलाने गोंद मऊ होतो आणि पट्टी बाहेरच्या टोकाकडून आपोआप सुटायला लागते. मग आतल्या बाजूला हळू सोडवत जा. अडली तर परत कापूस. तेल डोळ्यात गेलं तर थोडा वेळ अंधुक दिसते, घाबरू नका, पाण्याने धुवा. शेवटी पापणीचा काठ सौम्य फेसाने धुवायलाच हवा. तिथे तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं असतात. गोंद-काजळ बसून ती बुजली की रांजणवाडी होते.

लॅशेस लावून झोपू नका. लग्नाच्या रात्री किती थकलेलं असते ते मला माहीत आहे, तरी नाही.

परत वापरता येतात का? बहिणीलाही लावायच्या आहेत.

स्वतःच्या स्वतःला, हो. पट्टीवरचा गोंद चिमट्याने काढा, कापसाने पुसा, वाळवा, डबीतल्या वाकावर परत ठेवा. पातळ पट्टीच्या चार-पाच वेळा चालतात. तुकडे केलेल्या मी एकदाच वापरते.

बहिणीला नाही. मैत्रिणीला, नणंदेलाही नाही. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, एका घरातून दुसऱ्या घरात कशी गेली ते सगळ्यांनी पाहिलं. डोळ्याला लागलेली वस्तू वाटून वापरायची नसते. पार्लरवाली तुमच्यासमोर नवी डबी उघडत नसेल तर विचारा. विचारणं उद्धटपणा नाही. मस्कऱ्याचा ब्रशही तोच-तोच सगळ्यांना फिरतो का, तेही बघा.

चष्मा आहे. लेन्स लावते.

चष्म्याच्या काचेला केस टेकतात, म्हणून ८ मिलिमीटर आणि जास्त वाकाच्या घ्या. लेन्स मेकअपच्या आधी घालायच्या, आणि रात्री आधी लेन्स काढायच्या, मग लॅशेस.

कोणी लावूच नये?

डोळे आलेले असताना, रांजणवाडी असताना, पापणीच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे आणि लाली असताना नको. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. लहान मुलींना गॅदरिंगच्या नाचासाठी लावून द्या म्हणून आया येतात. मी लावत नाही, मूल डोळे चोळल्याशिवाय राहत नाही.

एरंडेल लावून स्वतःच्याच पापण्या वाढवल्या तर?

आजीपासून ऐकत आलो आपण. एरंडेलाने केस ओले आणि काळेभोर दिसतात, पण लांबी वाढते असा पक्का पुरावा नाही. केस वाढवणारं एक औषध खरंच आहे, बिमॅटोप्रोस्ट. ते मूळचं काचबिंदूचं. रुग्णांच्या पापण्या वाढताना दिसल्या आणि अमेरिकेत २००८ मध्ये त्याला पापण्यांसाठी मंजुरी मिळाली. पण त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते, बुबुळाचा रंगही कायमचा गडद होऊ शकतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, ऑनलाइन मागवून लावायची ती गोष्ट नाही.

केमो झाली, पापण्यांचे सगळे केस गेले. घरात लग्न आहे. मला लावता येतील का?

हा प्रश्न मला पहिल्यांदा एका शिक्षिकेने विचारला. नागपूरच्या तुकडोजी कर्करोग रुग्णालयात उपचार चालू होते, पुतणीचं लग्न होतं. "मला सुंदर दिसायचं नाही, फक्त लोकांनी विचारू नये," एवढंच म्हणाल्या.

आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. उपचार चालू असताना अंगाची संसर्गाशी लढायची ताकद कमी असते आणि पापणीची कातडी नाजूक झालेली असते. त्यांनी हो म्हटलं तर लॅटेक्स नसलेला गोंद आणि पूर्ण तपासणी. लॅश नवी, गोंद नवा, चिमटा उकळलेला.

केस नसले की पट्टीला टेकायला आधार नसतो आणि पट्टी उघडी पडते. म्हणून मी आधी तपकिरी पेन्सिलने पापणीच्या काठावर अगदी बारीक ठिपके देते, रेघ नाही. ठिपके केसांच्या मुळांसारखे दिसतात. त्यावर सगळ्यात हलकी, ७-८ मिलिमीटरची, पारदर्शक पट्टीची लॅश, शक्यतो तपकिरी. काळी लॅश फिकट चेहऱ्यावर ओरडते. खालच्या पापणीलाही तसेच ठिपके. चार तासांच्या वर ठेवू नका. उपचार थांबल्यावर बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. त्या शिक्षिकेचे आले. तोवर मी त्यांच्याकडून या कामाचे पैसे घेतले नाहीत आणि कोणाकडूनच घेत नाही.

माझ्या आईला लावल्या तर शोभतील का? ५५ वर्षांची आहे, कधीच काही लावलं नाही.

शोभतात, पण पट्टी नाही. वयाने पापणीची कातडी सैल होऊन खाली येते, पूर्ण पट्टीचं वजन तिला आणखी खाली ओढते. डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला तीन गुच्छ, ८ मिलिमीटरचे, मधे थोडी-थोडी जागा सोडून. आईला आरसा लगेच देऊ नका. आधी अंगणातल्या उजेडात न्या आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला विचारा, काय बदललं. "आज झोप चांगली झालेली दिसते," असं उत्तर आलं तर गुच्छ बरोबर बसले. "डोळ्याला काय लावलं?" असं आलं तर मधला एक काढून टाका.